धरणकाठच्या रस्त्यांवर सायकल: या चुका टाळा

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, पवना. जरा दक्षिणेला सरकलं की भाटघर आणि नीरा देवघर. पुण्याच्या सायकलस्वारांना इतकी धरणं आणि त्यांच्या कडेने जाणारे इतके शांत डांबरी रस्ते लाभले आहेत, याचं मला फार अप्रूप आहे. तरीही दर पावसाळ्यात आणि दर हिवाळ्यात कुणी ना कुणी तिथून हैराण होऊन परततं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. हे रस्ते शांत आहेत, कारण ते कुठल्या मोठ्या गावाला जात नाहीत. म्हणजेच वाटेत हॉटेल नाही, पंक्चरवाला नाही, मागून येणारा टेम्पो नाही आणि पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. शांतता हवी असेल, तर या सगळ्याची तजवीज घरून निघतानाच करायला हवी.

पाणी सपाट, म्हणून रस्ताही सपाट समजणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. नकाशावर निळ्या पाण्याला लगटून जाणारी रेघ दिसते आणि वाटतं, काठाकाठाने आरामात जाऊ. पण नदीकाठची सपाट जमीन, गावं आणि जुनी गाडीवाट हे सगळं धरणाच्या पोटात गेलेलं असतं. मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली झाला तो याच जमिनींसाठी, आणि बापटांना ‘सेनापती’ म्हणू लागले तेही त्याच लढ्यापासून. पवना धरणातलं वाघेश्वराचं मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं. आधीचा काठ किती खाली होता, ते तिथे उभं राहिलं की कळतं. नवा रस्ता मग डोंगराच्या अंगावरून काढावा लागतो. डोंगराची सोंड आली की तो चढतो, दोन सोंडांमधल्या ओढ्यापाशी उतरतो, मोरी ओलांडून पुन्हा चढतो. एकेक चढ छोटा असतो, पण लय लागायच्या आत संपतो आणि लगेच दुसरा समोर येतो. असे ४० किलोमीटर सरळ हमरस्त्यावरच्या ७० किलोमीटरांइतके दमवतात.

म्हणून मार्ग ठरवताना किलोमीटरच्या आधी एकूण चढाई बघा. १०० किलोमीटरला हजार मीटर चढाई नेहमी सायकल चालवणाऱ्याला जमते. तेवढीच चढाई ५० किलोमीटरमध्ये असेल, तर तो दिवस वेगळा असतो.

गिअरचा प्रश्नही इथेच येतो. पुढे ३४ दातांची आणि मागे २८ दातांची चकती असेल, तर मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवताना वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास पडतो. दहा टक्के चढावर हा वेग टिकवायला चांगली ताकद लागते. ती नसली की पॅडल मिनिटाला ४० वर येतं, सगळा भार गुडघ्यावर जातो आणि दोन दिवस जिना उतरताना गुडघा पुढून दुखतो. मागची मोठी चकती ३४ दातांची बसवली, तर तेवढ्याच फेऱ्यांना ताशी साडेसात पुरतात. मात्र मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, एवढी मोठी चकती पेलतो का, ते मेकॅनिककडून आधी बघून घ्या. दुधिवरे खिंडीतून पवनेकडून लोणावळ्याला जायचं असेल, तर हा खर्च मी नव्या चाकांच्या आधी करीन. गुडघा पुढून दुखतच राहिला, तर सीट जरा वर घेऊन बघा. ती खाली असल्यानेही हेच दुखणं येतं.

परतीचा चढ विसरणं

मुठा, लवार्डे करत टेमघरला पोहोचलात की पुढे लवासाचा घाट लागतो. वर खिंडीत पोहोचल्यावर पाय थकलेले असतात, पण मन म्हणतं, आता खाली लवासातल्या दासव्यापर्यंत उतार आहे, जाऊन येऊ. तोच उतार दुपारच्या उन्हात, अर्धी बाटली पाण्यावर चढायचा असतो. भोरहून नीरा देवघरच्या काठाने वरंध घाटाकडे जाणाऱ्यांचंही असंच होतं. ज्या मार्गाचं वळायचं ठिकाण तळाशी आहे, तिथे निम्मी ताकद शिल्लक असतानाच वळा. अर्ध्यावर पोहोचल्यावर नव्हे. वरंध घाटात दरडी कोसळतात आणि पावसाळ्यात वाहतूक बंद ठेवण्याचे आदेश निघत असतात. ते सायकललाही लागू असतात, कारण दरड वाहन बघून पडत नाही.

वारा मात्र पावसाळ्यात बरा साथ देतो. बहुतेक धरणं पुण्याच्या पश्चिमेला आणि वाराही पश्चिमेचा, त्यामुळे तो जाताना तोंडावर असतो आणि येताना पाठीशी.

रस्ता विचारणं, वार न विचारणं

पानशेतचा रस्ता मंगळवारी सकाळी एक असतो आणि जुलैतल्या रविवारी दुसरा. खडकवासल्याच्या चौपाटीपासून डोणज्यापर्यंत कणसं, भजी आणि वाकड्यातिकड्या लावलेल्या गाड्या, त्यात सिंहगडाला जाणारे. ताम्हिणीचं तर विचारूच नका. रविवारीच जमत असेल, तर पाण्याच्या पलीकडच्या अंगाने जा: कुडजे, आगळंबे, मांडवी, सांगरुण, बहुली. तिथे गर्दी फार कमी असते. पवनेला तंबूत मुक्कामाला आलेले लोक रविवारी सकाळी उशिरा परत निघतात, तोवर तुम्ही कामशेत गाठलेलं बरं. पौड रस्त्यावर कामाच्या दिवशी पिरंगुटच्या कारखान्यांची अवजड वाहनं असतात. उजाडता उजाडता तेवढा पट्टा ओलांडलात की पुढे कोळवणकडे वळल्यावर रस्ता आपलाच.

भातलावणीच्या दिवसांतला उतार

मावळ-मुळशीत जुलैमध्ये चिखलणी, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करणं, चालते. खाचरातून निघालेला ट्रॅक्टर रस्त्यावर येतो आणि चाकांतला चिखल वीस-तीस पावलांपर्यंत सांडत जातो. पावसाने तो पसरतो, डांबराच्या रंगात मिसळतो आणि उतारावरच्या वळणात येईपर्यंत दिसत नाही. दुसरा धोका फरशी पुलांचा. पाणी वाहून गेलेल्या काँक्रीटवर हिरवट-काळं शेवाळ धरतं. त्यावर ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका, पॅडल थांबवा आणि सरळ पार व्हा. वेग कमी करायचा तो आधी. पुलावरून पाणी वाहत असेल, तर घोटाभर दिसलं तरी उतरू नका, ओसरेपर्यंत थांबा.

चाकाच्या कडेला (रिमला) धरणारे रिम ब्रेक ओले असले की पहिले काही क्षण धरतच नाहीत. उताराआधी दोनदा हलकेच दाबून रिम पुसून घ्या आणि वळणात शिरण्याआधी वेग उतरवा. टायरला १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरायची सवय सोडा. २८ मिलिमीटरच्या टायरला साध्या वजनाच्या माणसासाठी ७०-७५ पुरे होतात, पावसात आणखी थोडे कमी.

अडलात तर

पंक्चर काढून दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली, तर दोष ट्यूबचा नसतो. टायर आतून बोटाने हळूच चाचपा, बाभळीचा काटा किंवा काचेची कपची अजून तिथेच असणार. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील, तर हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटलं. दोन ट्यूब, पॅच, पंप, टायर लिव्हर आणि चेन तोडायचं हत्यार एवढं सामान हवंच. गाव दहा किलोमीटरवर असू शकतं.

सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर चढ सुरू करण्यापूर्वी मागून बघा. डिरेल्युअर चाकाकडे झुकला असेल, तर तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला आहे. अशा वेळी सगळ्यात हलका गिअर (मागची सर्वांत मोठी चकती) टाकू नका, डिरेल्युअर चाकाच्या तारांत अडकला तर तुटतो आणि चाकही जातं. चढावर उतरून चाला आणि घरी पोहोचा.

पायात गोळे आले तर तसंच रेटू नका. उतरा, पाय ताणा, मीठ घातलेलं लिंबूपाणी प्या. साधारण ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं आणि लोणावळ्याहून घुसळखांब, भांबर्डेमार्गे ताम्हिणीला निघालात, तर मधल्या मोठ्या पट्ट्यात दुकान मिळेलच असं नाही. दोन्ही बाटल्या भरलेल्या, खिशात चिक्की आणि खजूर, घरी मार्ग आणि परतीची वेळ सांगितलेली हवी.

आणि कितीही उकडलं तरी धरणात उतरू नका. बुडालेल्या डोंगरउतारावर दोन पावलांत कमरेचं पाणी डोक्यावर जातं, खाली गाळ पाय धरून ठेवतो, आणि पट्टीचे पोहणारेही यात गेले आहेत. तोंडावर पाणी मारायचं, तर वाटेतल्या गावात मागा. घोटभर पाणी या बाजूला कुणी नाकारत नाही.