देवरहाटीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून मी पहिल्या कामाला लागले ते संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात. लोकजैवविविधता नोंदवही करायची होती, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहून काढायची. महिना १२ हजार मानधन, एसटीचं भाडं वेगळं, राहायला एका घराची पडवी. ‘शाश्वत विकासात वारशाचं स्थान’ वगैरे शब्द माझ्या वहीत होते. गावात ते कुणाला लागत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी देवरहाटीतल्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या देवराईतल्या, मोठ्या झाडांवर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे टाकायला घेतले. घेर मोजायचा, नंबर टाकायचा, पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचा, हे कॉलेजात शिकलेलं. सत्तेचाळिसावं झाड म्हणजे एक जुनाट बेहडा. त्याच्यावर आकडा टाकते तोच खालच्या वाडीतून आठ-दहा माणसं धापा टाकत वर आली. त्या भागात झाडावर आकडा पडतो तो लाकूडवाल्याचा सौदा ठरल्यावर. कुणीतरी देवाचं रान विकलं, अशी बोंब गावभर झाली होती.

संध्याकाळी देवळासमोर बैठक बसली. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे माझ्या वतीने देवाला विनवलं, मी नारळ ठेवला आणि पुढचे दोन दिवस काथ्या नि राख घेऊन झाडं घासत बसले. ऑइलपेंट राखेने निघत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पण माझं खरं शिक्षण त्या दोन दिवसांत झालं. गुरवांची म्हातारी आई शेजारी दगडावर बसून सांगत होती. इथली वाळकी फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. होळीसाठी झाड हवं असेल तर देवाला कळे लावायचे, म्हणजे मूर्तीला कळ्या लावून कौल मागायचा, उजवा पडला तरच कुऱ्हाड. देवळामागच्या झऱ्याचं पाणी पाटाने खालच्या पोफळींना जातं, म्हणून वरच्या अंगाची झाडं सगळ्यात जुनी. बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेर, म्हणजे धनेश, अंडी घालते, त्या दिवसांत पोरांना तिकडे फिरकू देत नाहीत. माझ्या यादीत बेहडा नुसता ‘घेर ४.१ मीटर’ होता.

म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं: झाडांची यादी सगळ्यात शेवटी. आधी पाणी कुठून कुठे जातं ते चालत बघा. मान कुणाचा, पालखी कुठल्या वाटेने येते, रानात काय चालतं आणि काय नाही, ते विचारा. चपला बाहेर काढा. लावणीच्या दिवसांत जाऊ नका, कुणी बोलायला मोकळं नसतं. शिमग्यात जरूर जा, चाकरमानी आलेले असतात आणि गावातली सगळी भांडणंही तेव्हाच ऐकायला मिळतात.

दुसरं, सातबारा काढा. कागदावर कुठे देवस्थान असतं, कुठे ‘महाराष्ट्र शासन’. गाव पिढ्यान्‌पिढ्या राखतं ती जमीन आपल्या नावावर नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. ते तुमच्या तोंडून चावडीवर पहिल्यांदा कळता कामा नये. आधी सरपंचांना आणि मानकऱ्यांना घरी जाऊन सांगा.

नोंदवहीला आधार आहे २००२ च्या जैवविविधता कायद्याचा. पण नोंदवह्या पुऱ्या करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत पडली आणि घाई झाली. मी एका घाटपायथ्याच्या गावची नोंदवही पाहिली, तिच्यात पापलेट होतं! दुसऱ्या गावाची उतरवलेली, दुसरं काय. याच कायद्याखाली दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल जैवविविधता वारसा स्थळ झाली. गावाने देवाची म्हणून राखली, त्यामुळे ती मुळात शिल्लक होती. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ १९७० च्या दशकात देवरायांबद्दल हेच लिहीत होते.

श्रद्धा आहे म्हणून जंगल सुरक्षित, असं मात्र समजू नका. माझ्या पाहण्यात कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराने जास्त झाडं गेली. मुंबईहून वर्गणी येते, कौलारू देवळावर स्लॅब पडतो, मग मंडपाला जागा हवी, गाड्या वळवायला जागा हवी. भक्ती खरीच असते, म्हणून तर बोलणं अवघड जातं. मी झाडांचा विषय काढतच नाही. झऱ्याच्या पाण्यावर किती घरं अवलंबून आहेत, एवढंच विचारते. एका गावात त्यावरून मंडप पलीकडच्या माळावर गेला, दुसऱ्या गावात मला चहा पाजून वाटेला लावलं.

शिक्षणाचं म्हणाल तर वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र चालतं, पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीसारख्या संस्थेचा पदविका अभ्यासक्रम उपयोगी पडतो. प्रस्ताव लिहिताना संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं ११.४ हे लक्ष्य ध्यानात ठेवा, सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा त्यात एकत्रच आहे. पैसे देणाऱ्यांना तो आकडा आवडतो. काम प्रकल्पावर मिळतं, प्रकल्प संपला की खंड पडतो. घरी हे आधीच सांगून ठेवा.

त्या बेहड्यावर माझा ४७ अजून पुसट दिसतो. गुरव पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात, “हा नंबर आमच्या मॅडमचा.”