मृगाआधीची दोन कामे: जनावरांची लस आणि बियाण्याला जिवाणू संवर्धक

रोहिणी नक्षत्र लागले. आता मृगाला दोन आठवडेही उरत नाहीत. बियाणे, खते, तिफणीची डागडुजी यांची धावपळ सुरू असताना दोन कामे हमखास मागे पडतात: जनावरांना पावसाळ्यापूर्वीची लस आणि बियाण्याला जिवाणू संवर्धक, म्हणजे पिकाला उपयोगी जिवंत जिवाणूंची भुकटी किंवा द्रव. दोन्हीकडे आपली गाठ दंडाकृती जिवाणूंशी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली ते काडीच्या तुकड्यासारखे दिसतात, पण आकार सारखा म्हणून स्वभाव सारखा नसतो. त्यांच्यापैकी बीजाणू कोण करतो आणि कोण करत नाही, एवढे शेतकऱ्याने पक्के लक्षात ठेवावे. बीजाणू करणारा जिवाणू टणक कवचात निपचित पडून ऊन, दुष्काळ, कोरडी माती सोसतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. न करणारा साध्या उन्हाच्या तडाख्यात मरतो.

आधी गोठ्याचे पाहू, कारण तिथे उशीर परवडत नाही. फऱ्या रोगाचा जिवाणू क्लॉस्ट्रिडियम गटातला, म्हणजे बीजाणू करणारा. चराऊ कुरणाच्या मातीत तो पडून असतो आणि पावसाळ्यात चाऱ्याबरोबर पोटात जातो. सहा महिने ते दोन वर्षे वयाची, अंगाने चांगली भरलेली वासरे आणि कालवडी याला जास्त बळी पडतात. जनावर अचानक लंगडते, ताप चढतो, मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते. सुजेवर हात दाबला की आतल्या वायूमुळे चरचर आवाज येतो. ही खूण लक्षात ठेवा. आवाज आला तर घरगुती लेप लावत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. माती निर्जंतुक करता येत नाही, म्हणून लस हाच उपाय, आणि ती दरवर्षी टोचायची.

घटसर्पाचा जिवाणू बीजाणू करत नाही, पण दमट हवेत आणि थकलेल्या जनावरात तो झपाट्याने वाढतो. गळ्याला सूज, श्वास घेताना घरघर आणि भरपूर लाळ ही त्याची लक्षणे. म्हशींना त्याचा धोका अधिक. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिला पाऊस पडल्यावर दवाखान्याची वाट धरली तर मधल्या दिवसांत जनावर उघडे राहते. गावात शिबिर झाले नसेल तर या आठवड्यातच चौकशी करा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, याबाबत कळकळीची विनंती आहे. धडधाकट जनावर अचानक मेले आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर ते फाडू नका, कातडी काढू नका, ओढत नेऊ नका. या जिवाणूचे बीजाणूंसह संपूर्ण जीवनचक्र रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये उलगडून दाखवले. मेलेल्या शरीरात तो बंद असतो. शरीर फाडले की त्याला हवा मिळते आणि काही तासांत बीजाणू तयार होतात. मग ती जागा पुढची अनेक वर्षे धोक्याची राहते. माणसालाही हा रोग होतो. डॉक्टरांना कळवा आणि त्यांच्या देखरेखीखाली किमान सहा फूट खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा.

आता बियाणे. सोयाबीनसाठीचे रायझोबियम, म्हणजे मुळांवरच्या गाठींत राहून हवेतले नत्र स्थिर करणारे जिवाणू, बीजाणू करत नाही, स्फुरद विरघळवणाऱ्या काही संवर्धकांतले आणि नत्र देणाऱ्या ॲझोटोबॅक्टरचे जिवाणूही नाहीत. म्हणून पाकीट पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा युरियाच्या पोत्यावर ठेवले की आतले जिवाणू मरतात. वरून पाकीट मात्र जसेच्या तसे दिसते. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या संवर्धकात दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. घेताना उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख वाचा, पिकाचे नाव वाचा. सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही.

प्रमाण: १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी किंवा १०० मिली द्रवरूप संवर्धक. क्रम पाळणे फार महत्त्वाचे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. तिन्ही एकाच टोपात कालवण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते. त्यात पैसे खर्च होतात आणि जिवाणू जागीच मरतात. भुकटी चिकटावी म्हणून गुळाचे थंड केलेले पाणी वापरा, तेही जेमतेम ओल येईल इतकेच. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. घमेल्यात रगडू नका. ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने वरखाली करा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पेरणीची घाई मात्र नको, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोलवर जाऊ द्या.

काम झाले की नाही ते पीक ३५-४० दिवसांचे झाल्यावर कळते. दोन-चार झाडे खुरप्याने मातीसकट उचला. हिसका देऊन उपटली तर गाठी मातीतच राहतात. मुळे पाण्यात धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर नत्र स्थिर होते आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही. गाठी चांगल्या असताना वरून युरिया फेकू नका, आयते नत्र मिळाले की गाठींचे काम मंदावते.

कोकण आणि गोव्यातल्या वांगी-टोमॅटो उत्पादकांसाठी थोडे वेगळे. पाने हिरवी असतानाच झाड कोमेजले तर बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरू लागले तर तो जिवाणूजन्य मर आहे. बुरशीनाशकाची आळवणी करून पैसे घालवू नका. झाड मुळासकट काढून बाहेर न्या, त्या सरीचे पाणी पुढे जाऊ देऊ नका, आणि पुढच्या हंगामात तिथे वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा घेऊ नका. रोगाला दाद न देणारी जात मिळत असेल तर तीच लावा.

अळीसाठी बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस जिवाणूची भुकटी फवारणार असाल तर ती लहान अळीवर आणि संध्याकाळी फवारा, कारण उन्हात तिचा परिणाम लवकर ओसरतो. मावा-तुडतुड्यांवर ती चालत नाही. तुतीच्या बागेजवळ तर अजिबात नको: या जिवाणूची पहिली ओळख १९०१ मध्ये जपानात झाली ती मेलेल्या रेशीम अळ्यांतूनच.

मका मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद आंबवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी पेरणार असाल तर पुढची एक गोष्ट आत्ताच सांगतो. मुरघास आंबवणारे लॅक्टोबॅसिलसही दंडाकृतीच, पण त्यांना हवाबंद जागा लागते. कुट्टी दाबताना हवा राहिली, माती मिसळली किंवा चारा फार ओला असला तर क्लॉस्ट्रिडियम आणि लिस्टेरियासारखे जिवाणू वाढतात. पिशवी उघडल्यावर आंबट-गोड वासाऐवजी कुबट, सडका वास आला किंवा बुरशी दिसली, तर तो थर काढून टाका आणि गाभण जनावरापुढे अजिबात घालू नका. लिस्टेरियामुळे गाभ जातो.