श्वास 18 लिहिण्याआधी

रात्रीच्या ड्यूटीवर चार्ट हातात घेतला की मी आधी श्वासाचा रकाना बघते. 18, 18, 20, 18 असं ओळीने लिहिलेलं दिसलं की समजायचं, कुणीच मोजलेलं नाही. बीपी आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) मशीन देतं, नाडीही देतं. श्वास मात्र आपल्यालाच मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजपंचे लिहिला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी हलतो तोच आकडा.

मोजायचा कसा? पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की तो श्वासाकडे लक्ष देतो आणि आकडा बदलतो. मनगट धरा, नाडी बघतोय असं भासवा आणि नजर छातीवर ठेवा. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असावा. 25 किंवा त्याहून जास्त, नाहीतर 8 किंवा त्याहून कमी असेल, तर तेवढ्या एकाच आकड्यावर डॉक्टरांना कळवायचं.

नवीन असताना मीही 18 लिहिलेत. पोटाच्या ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस, पेशंट शुद्धीवर, व्यवस्थित बोलणारा. सॅच्युरेशन 95, नाडी 112, वरचं बीपी 108, ताप 37.9. मी 18 ठोकून पुढच्या कॉटकडे निघाले. तो म्हणाला, "सिस्टर, जीव घाबरल्यासारखं होतंय." पांघरूण त्याने दोनदा लाथाडलं होतं. आमच्या सीनियर सिस्टर मागून आल्या, मिनिटभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "28."

त्या आकड्याने काय बदललं बघा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) हा पेशंट बिघडतोय याची आधीच सूचना देणारा स्कोअर आणला आणि 2017 मध्ये सुधारून न्यूज-2 केला. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला 0 ते 3 गुण (ऑक्सिजन चालू असेल तर सरळ 2), आणि मग बेरीज. माझ्या पेशंटला सॅच्युरेशनचा 1, नाडीचे 2, बीपीचा 1 आणि 18 श्वासाचे शून्य. एकूण 4, म्हणजे चार-सहा तासांनी परत बघा. 28 श्वासाचे गुण 3. एकूण 7, म्हणजे आत्ता, याच क्षणी बोलवा. आतड्याचा जोड सुटला होता. सॅच्युरेशन 95 दिसत होतं, कारण छातीचा भाता करून तो ते टिकवत होता.

बीपीवरही विसंबू नका. रक्तस्राव होत असेल तर शरीर रक्तवाहिन्या आवळून, नाडी वाढवून बराच वेळ बीपी धरून ठेवतं. बीपी पडतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आणि 108 हा आकडा कुणाचा, तेही बघायचं: रोज 150 असणाऱ्याला 108 म्हणजे पडलेलंच. मागचे चार आकडे बघितल्याशिवाय आजचा वाचू नका. नाडी वाढवू न देणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर, चालू असतील तर नाडी 84 दिसली तरी निर्धास्त होऊ नका. फुप्फुसाच्या जुनाट आजारात काहींचं सॅच्युरेशन 88 ते 92 एवढंच ठेवायचं असतं. त्यांच्यासाठी न्यूज-2 मध्ये वेगळा तक्ता आहे. हा स्कोअर 16 वर्षं आणि त्यावरच्यांसाठी आहे, गरोदर बाईसाठी नाही.

मशीन लावायच्या आधी हात लावा. नाव विचारा; एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर श्वास अडचणीत आहे. घशात घरघर आहे का ऐका. नख पाच सेकंद दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. पाय गार आहेत का, गुडघ्यावर जाळीसारखे निळसर चट्टे आहेत का बघा. युरिन बॅग बघा: साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली हवी. काल नीट बोलणारा आज भांबावला असेल, तर "वयामुळे असेल" म्हणू नका. नव्या गोंधळाला या स्कोअरमध्ये थेट 3 गुण आहेत. आणि साखर बघाच. शेवटी पांघरूण काढून ड्रेसिंग, ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी नळी) आणि पाठीखालची चादर बघा. रक्त खाली साचतं, वरून दिसत नाही.

नातेवाईक "आज हे नेहमीसारखे नाहीत" म्हणाले, तर परत मोजा. ते त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त ओळखतात.

फोनवर "सर, पेशंट बरा वाटत नाही, येऊन बघता का?" असं बोललात तर "बघतो" एवढंच उत्तर मिळतं. असं सांगा: "सर, कॉट नऊचा पेशंट, स्कोअर 7. पोटाचं ऑपरेशन, तिसरा दिवस. संध्याकाळी श्वास 20 होता, आता मोजून 28, नाडी 90 वरून 112, बीपी 140 वरून 108, पोट कडक लागतंय. मला आतमध्ये काहीतरी बिघडल्यासारखं वाटतंय. तुम्ही आत्ता यायला हवंय. येईपर्यंत काय सुरू करू?" सांगितलेली ऑर्डर परत म्हणून दाखवा आणि फोनची वेळ लिहा. कुणी आलं नाही, तर त्यांच्या वरच्यांना फोन करा. रागावतील म्हणून थांबायचं नाही; मी ओरडा खाल्लाय, त्याने काही बिघडत नाही.

ते येईपर्यंत कॉट सोडू नका. दुसऱ्या सिस्टरला इमर्जन्सी ट्रॉली आणायला पाठवा, सलाइनची सुई चालू आहे का बघा, आणि परत एकदा मनगट धरून मिनिटभर मोजा.