विचरची पुस्तकं कशी वाचावीत: क्रम, आणि थानेडचं बेट पार करायची रीत

‘द विचर 3’ हा व्हिडिओगेम संपवून पुस्तकांकडे वळलेल्या माणसाला हमखास तीन सल्ले मिळतात. एक, ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’पासून सुरू कर, मालिकेतली पहिली कादंबरी तीच. दोन, घटना ज्या काळात घडतात त्या क्रमाने सगळं लावून वाच. तीन, नावांचा गोंधळ होत असेल तर शेजारी विकी उघडून ठेव. हे तिन्ही सल्ले ऐकून पुस्तकं अर्ध्यात टाकलेली मंडळी माझ्या ओळखीत भरपूर आहेत. त्यांना पुन्हा वाचायला बसवण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. गेम म्हणजे पुस्तकांचं रूपांतर नव्हे. पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांची पहिली विचर-कथा (विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा) 1986 मध्ये ‘फँटास्टिका’ मासिकाच्या स्पर्धेतून पुढे आली. गेराल्ट हा विचर आणि सिरी ही राजकन्या यांची मूळ गाथा 1999 मध्ये संपली. सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा पहिला गेम 2007 चा, आणि तो शेवटच्या कादंबरीच्या नंतर सुरू होतो. गेराल्टची स्मृती गेलेली दाखवली की मागचं काही माहीत नसलेला खेळाडूही निभावून जातो, म्हणून ती युक्ती. त्यामुळे गेमची कथा पुस्तकांत शोधत बसू नका, ती तिथे नाही. तुम्ही त्याच माणसांच्या आधीच्या आयुष्यात शिरताय.

पुस्तकं जमवा

दोन कथासंग्रह, पाच कादंबऱ्या. क्रम असा: ‘द लास्ट विश’, ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’, ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’, ‘टाइम ऑफ कंटेम्प्ट’, ‘बाप्टिझम ऑफ फायर’, ‘द टॉवर ऑफ द स्वॉलो’, ‘द लेडी ऑफ द लेक’. इंग्रजी आवृत्त्या सहज मिळतात. ‘टॉवर ऑफ द स्वॉलो’ आणि ‘टॉवर ऑफ स्वॉलोज’ हे एकच पुस्तक आहे, पहिलं नाव ब्रिटिश आवृत्तीचं आणि दुसरं अमेरिकन. दोन्ही मागवू नका.

‘द लास्ट विश’

एका बैठकीला एक कथा. कथांच्या मधेमधे ‘द व्हॉइस ऑफ रीझन’ नावाचे तुकडे येतात, जखमी गेराल्ट मेलिटेले देवीच्या मंदिरात पडून असतो ते. ते गाळू नका, बस. फोल्टेस्ट राजाच्या मुलीची, म्हणजे स्ट्रिगा नावाच्या राक्षसिणीची, कथा वाचताना पहिल्या गेमच्या सुरुवातीचा तो लढाईचा व्हिडिओ आठवेल. तो इथूनच उचललाय.

‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’ गाळायचं नाही

पहिला वाईट सल्ला कुठून आला ते इथे कळतं. ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’चं इंग्रजी भाषांतर 2008 मध्ये आलं आणि ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’चं थेट 2015 मध्ये. म्हणजे मधली सात वर्षं इंग्रजीतून वाचणाऱ्यांना हा संग्रह मिळतच नव्हता. नाइलाजाने ते ‘लास्ट विश’वरून ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’वर उडी मारायचे. ती सवय नंतर सल्ला म्हणून फिरू लागली. आता पुस्तक उपलब्ध असताना ती उडी मारायचं कारण काय?

या संग्रहातल्या शेवटच्या दोन कथा सगळ्या गाथेचा पाया आहेत. सिन्ट्रा राज्याच्या राजवाड्यातल्या मेजवानीत गेराल्ट बक्षीस म्हणून ‘तुझ्याकडे आहे पण तुला अजून ठाऊक नाही’ असं काहीतरी मागतो. ती कथा पहिल्या संग्रहात आहे. त्या मागणीतून सिरी त्याच्या वाट्याला येते, आणि तो तिला टाळत राहतो. ब्रोकिलॉनच्या जंगलात दोघं भेटतात ती कथा आणि त्यानंतरची ‘समथिंग मोअर’ या दोन वाचल्याशिवाय कादंबऱ्या उघडणं म्हणजे लग्नाला न जाता थेट घटस्फोटाच्या सुनावणीला जाऊन बसणं. वकील काय म्हणतायत ते कळेल, पण कोण कशासाठी रडतंय ते कळणार नाही.

आता खरी अडचण: ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’ ते ‘टाइम ऑफ कंटेम्प्ट’

पुस्तकं सोडून देणारे बहुतेक सगळे इथेच सोडतात. मीही इथे बराच काळ अडकलो होतो, त्यामुळे घाई न करता सांगतो.

कथांमध्ये एक राक्षस, एक गाव, एक सौदा असा आटोपशीर मामला असतो. कादंबरी सुरू झाली की राजे, हेर, चेटकिणी, बंडखोर एल्फ आणि सावकार असे सगळे एकदम बोलायला लागतात. लेखक कुणाचीच ओळख करून देत नाही. हागं इथे उत्तरेचे राजे भेटतात त्या प्रसंगात तर पाच मुकुट एका दालनात बसून ज्यांच्याबद्दल बोलतात त्यातली निम्मी नावं आपण ऐकलेलीही नसतात. राक्षस मारायच्या अपेक्षेने आलेला खेळाडू इथे चिडतो. गेराल्ट तर पानंच्या पानं गायब असतो.

त्यात गेम खेळल्याने आपल्याला सगळं ठाऊक आहे असा समज झालेला असतो, आणि तोच सर्वांत जास्त नडतो. गेममधला राडोविड हा वेडसर, क्रूर राजा. पुस्तकात रेडानियाच्या गादीवर त्याचा बाप विझिमिर आहे आणि राडोविड पोरगा आहे. डायकस्ट्रा नोव्हिग्राडमध्ये स्नानगृह चालवणारा गुंड नाही, रेडानियाच्या हेरखात्याचा प्रमुख आहे आणि त्याच्या शब्दाला वजन आहे. चेटकीण ट्रिसचे केस लाल नाहीत, तपकिरी आहेत. कथांमध्ये ती जवळपास नाहीच, तिची खरी ओळख ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’मध्ये होते. गेराल्टची जोडी कुणाशी, ‘ट्रिस की येनेफर’, हा वाद गेमने उभा केला. पुस्तक त्या वादात पडतच नाही.

मग करायचं काय? एक कोरा कागद घ्या. मधोमध आडवी रेघ मारा आणि तिच्यावर ‘यारुगा नदी’ लिहा. वर उत्तरेचे राजे: टेमेरियाचा फोल्टेस्ट, रेडानियाचा विझिमिर, एडर्नचा डेमाव्हेंड, केडवेनचा हेन्सेल्ट, लिरिया आणि रिव्हियाची मेव्ह. खाली निल्फगार्ड आणि त्याचा सम्राट एमिर. रेघेजवळ सिन्ट्रा, कारण ते निल्फगार्डने जिंकलंय आणि सिरी तिथल्या गादीची वारस आहे. कागद एवढाच. यात भर घालू नका. वंशावळी, सेनापती, किल्ले वगैरे लिहायला लागलात तर तुमचं वाचन बंद पडून कारकुनी सुरू होईल.

प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा: या माणसाला सिरी कशाला हवी आहे? कुणाला ती गादीसाठी हवी, कुणाला तिच्या रक्तातल्या शक्तीसाठी, कुणाला ती मेलेली हवी, कारण ती मेली तर सिन्ट्रावर हक्क सांगायला दुसऱ्याला निमित्त उरत नाही. हागंची बैठक या एका प्रश्नाने उलगडते. ‘टाइम ऑफ कंटेम्प्ट’च्या सुरुवातीला गेराल्ट कॉड्रिंगर नावाच्या वकिलाकडे जातो, त्या कार्यालयातली सगळी बोलणीही त्यानेच सुटतात.

विकी बंद ठेवा. हे मी विनवून सांगत नाही, बजावून सांगतोय. एखाद्या नावावर टिचकी मारली की पहिल्याच ओळीत तो माणूस कसा मेला ते दिसतं. एका नावाच्या बाबतीत तर गेम 3 ने सुरुवातीलाच बिनदिक्कत जे सांगून टाकलंय, ते पुस्तक अगदी शेवटापर्यंत झाकून ठेवतं. ते तुम्हाला ठाऊक असेल तर आता इलाज नाही. पण बाकीची रहस्यं तरी स्वतःच्या हाताने फोडू नका.

आता थानेड. ‘टाइम ऑफ कंटेम्प्ट’च्या मध्यावर चेटके आणि चेटकिणी थानेड बेटावर जमतात. आधी मेजवानी होते आणि त्याच रात्री उठाव. मेजवानीचं प्रकरण बडबडीने भरलेलं आहे: कुजकट टोमणे, कुणाचा पोशाख कसा, कोण कुणाशी बोलतंय. मग पहाटे गेराल्ट लघवीला म्हणून अंथरुणातून उठतो आणि थेट त्या बंडात सापडतो. कोण कुणाला पकडतंय, कोण गद्दार, कोण राजाचा माणूस, त्याला काहीच समजत नाही. एकेका दालनात तो शिरतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळाच कुणीतरी त्याला विचारतो की तू कुणाच्या बाजूचा?

लोक नेमकं इथे पुस्तक थांबवून गटांची यादी करायला बसतात. बसू नका. लेखकाने ही रात्र एका अशा माणसाच्या डोळ्यांनी दाखवली आहे जो आयुष्यभर ‘मी कुणाच्याच बाजूचा नाही’ म्हणत आला आणि त्यामुळे त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. गेराल्टला जेवढं कळतं तेवढंच तुम्हाला कळलं तर तुम्ही बरोबर वाचताय. ही दोन प्रकरणं रविवारी दुपारी एका दमात संपवा, मध्ये आठवडा जाऊ देऊ नका. पुढच्याच प्रकरणात गेराल्टचा मित्र, कवी डँडेलियन ब्रोकिलॉनमध्ये गेराल्टला भेटायला येतो आणि बाहेरच्या जगात त्यानंतर काय उलथापालथ झाली ते सविस्तर सांगतो. तुमच्या मनातले बहुतेक प्रश्न तिथे सुटतात. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी कागद वाया गेले नसते.

आणखी एक. ‘टाइम ऑफ कंटेम्प्ट’ उघडते ती अ‍ॅपलगॅट नावाच्या शाही निरोप्याच्या घोडदौडीने. निरोप कागदावर देणं धोक्याचं म्हणून राजे ते त्याच्याकडून पाठ करून घेतात. हा कोण, याचा काय संबंध, म्हणून ती पानं चाळून टाकावीशी वाटतात. नीट वाचा. मोठ्या राजकारणाचं ओझं साध्या माणसाच्या पाठीवर कसं पडतं हे या गाथेत वारंवार येतं, आणि त्याची सवय इथेच लागते.

‘बाप्टिझम ऑफ फायर’

थानेड पार केलंत की हे पुस्तक आपोआप वाचून होतं. गेराल्टभोवती एक विचित्र टोळी जमते, आणि ती सगळी मिळून माशाचं कालवण रांधते तो प्रसंग मला गाथेतल्या कुठल्याही लढाईपेक्षा आवडतो. मासे कोण आणतं, चूल कोण पेटवतं, कोण नुसतं बसून सल्ले देतं. आणि त्या कामातच ही माणसं एकमेकांची होऊन जातात. रेजिसची ओळख याच पुस्तकात होते. हो, गेम 3 च्या ‘ब्लड अँड वाइन’ या विस्तारातला.

‘टॉवर ऑफ द स्वॉलो’ आणि ‘लेडी ऑफ द लेक’

इथे काळ पुढेमागे उड्या मारतो. ‘टॉवर’मध्ये दलदलीतल्या झोपडीत जखमी सिरी म्हाताऱ्या विसोगोटाला आपली हकिगत सांगते. तो ‘आत्ता’ धरून ठेवा. बाकी सगळं त्याच्या मागचं किंवा बाजूचं समजायचं. ‘लेडी’मध्ये कित्येक वर्षांनंतरच्या दोन अभ्यासक बायका या गोष्टीचे तुकडे जुळवताना दिसतात, त्यांनाही सगळं ठाऊक नाही. बॉनहार्ट नावाच्या माणसाची प्रकरणं झोपायच्या आधी वाचू नका. शेवटाबद्दल मी एक अक्षर सांगणार नाही.

मग परत गेमकडे

सातही पुस्तकं झाल्यावर गेम 3 पुन्हा खेळा, आणि ‘ब्लड अँड वाइन’ अजून खेळला नसेल तर पुस्तकं संपेपर्यंत तसाच राहू द्या. पाठीवरच्या त्या दोन तलवारी बघून हसू येईल, कारण पुस्तकातला गेराल्ट बहुधा एकच बाळगतो आणि चांदीची घोडीवरच्या सामानात असते. पुढच्या गेमची नायिका सिरी आहे हे डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झालं तेव्हा अनेक खेळाडूंनी भुवया उंचावल्या. पुस्तकं वाचलेल्यांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं, पाच कादंबऱ्या तिच्याच मागे धावतात.

उरलेली दोन

‘सीझन ऑफ स्टॉर्म्स’ 2013 मध्ये आली. तिच्यातल्या घटना ‘लास्ट विश’च्या काळातल्या आहेत, म्हणून काळाच्या क्रमाचे भक्त ती सुरुवातीलाच वाचायला सांगतात. तसं करू नका. तिचा उपसंहार ‘लेडी ऑफ द लेक’ वाचलेल्यांसाठी लिहिलेला आहे, इतरांना तो कोड्यासारखा वाटेल. गेराल्टच्या तरुणपणावरची ‘क्रॉसरोड्स ऑफ रेव्हन्स’ पोलिशमध्ये 2024 ला आणि इंग्रजीत 2025 ला आली. तीही सगळ्यात शेवटी.