तुटलेला तुकडा आधी पुसू नका

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथ-कारखान्यांच्या भागात, वाढलेल्या पोराचा एक हातगुण असतो. तुटलेला जॉब, म्हणजे यंत्राचा भाग, आला की तो डिझेलात बुडवायचा, कॉटन वेस्टनं लख्ख पुसायचा आणि मग उजेडाला धरून काय झालंय ते बघायचं. तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, लेथच्या दुकानात मी आठवीपासून हेच केलं. पुढं विमानांच्या बिघाडांच्या तपासात आलो आणि पहिली खरडपट्टी निघाली ती याच सवयीपायी.

उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारी पंख्याची विमानं तुम्ही पाहिली असतील. मी शिकाऊ होतो तेव्हा दुसऱ्या एका शहरातल्या हँगरमध्ये, म्हणजे विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये, तसंच एक एटीआर आमच्याकडं होतं. हायड्रॉलिकचं तेल गळतंय अशी तक्रार होती. पाइप धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा ब्रॅकेट बोल्टच्या भोकापाशी तुटला होता. त्यामुळं पाइप मोकळा होऊन शेजारच्या पत्र्यावर घासला आणि त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. एटीआरच्या त्या लाइनमध्ये ३००० पीएसआय दाब असतो, त्याला एवढं भोक पुष्कळ झालं. मी उत्साहानं ब्रॅकेट काढला, पुसला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो फिरवून बघितला. "चकचकीत केलास? बरं. आता सांग, भोकाभोवती काळं काही होतं का?"

होतं. काजळीसारखं. मी तेच पुसलं होतं.

अ‍ॅल्युमिनियमचे दोन भाग सैल राहून एकमेकांवर बारीक बारीक घासत राहिले की काळी भुकटी साठते, लोखंड असेल तर तांबूस. ती भुकटी असती तर ब्रॅकेट आधीपासून सैल होता हे सरळ दाखवता आलं असतं. ती गेल्यावर उरला फक्त माझा शब्द, आणि शिकाऊ पोराच्या आठवणीवर अहवाल लिहीत नाहीत. मग त्याच मॉडेलच्या बाकीच्या विमानांची तीच जागा टॉर्च लावून बघितली. एकावर तसलीच काजळी सापडली. कागद काढले तेव्हा दोन्ही विमानांचा तो पाइप एकाच महिन्यात बदललेला निघाला आणि बसवताना दोन्हीकडं एक पातळ वॉशर राहिला होता. पाच मिनिटांत दिसलं असतं त्याला नऊ दिवस लागले.

तेव्हा नव्यांना पहिलं सांगणं हेच: फोटो आधी, हात नंतर. तेल, माती, भुकटी आहे तशी ठेवून तुकडा कोरड्या पिशवीत घालायचा. तुटलेले दोन तुकडे एकमेकांत बसतात का हे बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरायचा, कारण घासलं की तुटलेल्या तोंडावरच्या खुणा गेल्याच म्हणून समजा.

त्या खुणा वाचायला मात्र कोल्हापूरसारखी शाळा नाही. पुनःपुन्हा ताण येऊन हळूहळू तुटलेल्या शाफ्टचं तोंड बघा. शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसतात, आणि त्या सगळ्या एका बिंदूभोवती पसरलेल्या असतात. चीर तिथून सुरू झाली. तिथं जुना ओरखडा, गंज किंवा कास्टिंगमधलं ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेलं हवेचं भोक, आहे का ते शोधायचं. शेवटी उरलेलं धातू एका फटक्यात जातं, तो भाग रवाळ दिसतो. सगळंच तोंड रवाळ असेल तर बहुधा एकदम जादा भार आला. शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा गुऱ्हाळाच्या चरकावर हे तुम्ही शंभरदा बघितलेलं असतं, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं. विमानात हेच काम पुढं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली होतं, पण कुठं बघायचं हे आधी डोळ्यांनीच ठरतं.

छोट्या मार्गांवरच्या विमानांचं एक वेगळंच गणित असतं. तासाभराची उड्डाणं म्हणजे दिवसात कितीतरी वेळा चढ-उतार. म्हणून काही भागांचं आयुष्य तासांत मोजतात, तर काहींचं चढ-उतारांत. लँडिंग गिअरला हवेत किती तास गेले याच्याशी फारसं देणंघेणं नाही, तो कितीदा जमिनीवर टेकला ते महत्त्वाचं.

आणि धातूपेक्षा कागद जास्त बोलतो. मला तरी हेच पटलंय. ६ ऑगस्ट २००५ ला इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेर्बाला निघालेलं ट्युनइंटर या कंपनीचं एटीआर ७२ इंधन संपून सिसिलीजवळ समुद्रात उतरलं. विमानातल्या ३९ पैकी १६ जण गेले. आदल्या दिवशी इंधनाचं मीटर बदललं होतं, आणि बसवलं होतं धाकट्या एटीआर ४२ चं, त्यामुळं टाकीत होतं त्यापेक्षा जास्त इंधन दिसत राहिलं. जागेत ते नीट बसतं. "बसला म्हणजे बरोबर" हे दुकानात चालतं, इथं पार्ट नंबर बघावा लागतो. त्याआधी ११ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकेत एका एम्ब्रेअर १२० च्या शेपटाच्या आडव्या पंखाचे वरचे ४७ स्क्रू रात्री काढले गेले आणि पाळी बदलताना ते पुढच्या पाळीला कळलंच नाही. सकाळी विमान हवेत मोडलं, १४ जण गेले. म्हणून पाळी बदलताना तोंडी सांगितलेलं अर्धंच समजा, उरलेलं लिहून द्या.

रस्ता कसा, हे बरेच जण विचारतात. बारावीला फिजिक्स-गणित, मग डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, मान्यता दिलेल्या संस्थेत एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा कोर्स. ही पदवी नव्हे, परवान्याची तयारी आहे, हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर लग्नाच्या बैठकीत घोळ होतो. प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे विषयाच्या पेपरला, ७५ टक्के लागतात. परवान्याचे प्रकार असतात: बी१ म्हणजे यांत्रिक, बी२ म्हणजे एव्हियॉनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. तपासात यायचं तर बी१ घेऊन काही वर्षं हात काळे करा, मग विमान कंपनीच्या रिलायबिलिटी (बिघाडांचा हिशेब ठेवणाऱ्या) किंवा सेफ्टी विभागात सरका. मेकॅनिकल किंवा मेटलर्जीची पदवी असेल तर तीही चालते, फक्त हँगर चुकवू नका. छोटे बिघाड कंपनीतच तपासले जातात. अपघात आणि गंभीर घटना २०१२ मध्ये स्थापन झालेल्या एएआयबीकडं, म्हणजे सरकारच्या विमान अपघात तपास ब्यूरोकडं, जातात. तिथल्या तपासाचा हेतू दोषी ठरवणं हा नसतो, पुन्हा तसं घडू नये हा असतो. उद्यमनगरातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्याकडं शाफ्ट तुटला की पहिला प्रश्न, पैसे कोण भरणार? कास्टिंगवाला की मशिनिंगवाला? त्या भांडणात खरं कारण कोणी सांगतच नाही. हँगरमध्येही मेकॅनिकला नोकरीची भीती वाटली तर राहिलेला वॉशर कधीच कबूल होत नाही.

कोर्स सुरू व्हायला वेळ असेल तर शंभरेक रुपयांचं भिंग घ्या आणि गोकुळ शिरगावात किंवा शिरोलीत ओळख काढून मोडीतले शाफ्ट, गिअर, बोल्ट बघत बसा. प्रत्येकाची सुरुवात कुठून झाली ते वहीत काढा. तात्या आता दुकानात एक पत्र्याचा डबा ठेवतात. तुटलेला जॉब आला की त्यात टाकतात आणि मला फोन करतात, "ये रविवारी, अजून धुतलेलं नाही."