कोकणात हाय-फाय ऐकताय? या चुका टाळा

जुलैत डावा स्पीकर मध्येच गप्प होतो, व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते आणि आपण थेट नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या किमती बघायला लागतो. थांबा. खाऱ्या, दमट हवेत सगळ्यात आधी दगा देतात ते जोड. सिस्टीम बंद करून आरसीएच्या पिना (यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या तारांच्या टोकाच्या) काढा, थोड्या फिरवत परत बसवा. आवाज आला तर दोष तिथेच आहे. मग इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पॉलिश पेपरने घासू नका. वरचा मुलामा गेला की खालचा धातू आणखी लवकर काळा पडतो. स्पीकरच्या तारेचं टोक काळं झालं असेल तर तेवढं कापून तार नव्याने सोला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाऊस लागला की सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं. ओल आतच कोंडते, आणि गणपतीत हौसेने सिस्टीम लावावी तर ती रुसलेली असते. उलट पावसाळ्यात ती रोज तासभर वाजवा. अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची ऊब त्याला कोरडं ठेवते, आणि बाहेर धो-धो कोसळत असताना सलग एक राग ऐकायला मिळतो, तो वेगळाच. झाकायचंच तर सुती कापडाने झाका.

खर्ज घुमतो म्हणून स्पीकर बदलणारेही पुष्कळ. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी, वर स्लॅब आणि स्पीकर कोपऱ्यात! समोरासमोरच्या भिंतींत ११ फूट अंतर असेल तर ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगतो आणि डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळतात. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या आणि ऐकण्याची खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवा. जाड सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट वरच्या पट्टीतली चरचर कमी करतात, खर्जाला मात्र जागाच बदलावी लागते. माझ्या मते महागड्या केबलपेक्षा हा अर्ध्या तासाचा खटाटोप जास्त देतो.

स्पीकरच्या कडेचा फोम दमट हवेत कुजतो. हलकं बोट लावून भुगा निघाला तर जोरात वाजवू नका. कोन (स्पीकरचा मधला शंकूसारखा पडदा) शाबूत असेल तर फक्त कडा बदलून मिळते.

घरातल्या जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या लाखेच्या असतात. त्या अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते. एलपीच्या, म्हणजे नंतरच्या व्हायनल तबकड्यांच्या, बारीक सुईनेही त्या वाजवू नका. त्यांची खोबण रुंद असते, सुई तळाशी घासते. बुरशीचे पांढरे ठिपके असलेली एलपी आधी साफ करा, कोरडी होऊ द्या, कागदी पाकीट बदला आणि उभीच ठेवा.

मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग काढा, डिशची आणि इंटरनेटची केबलही. एमसीबी (घरातला आपोआप पडणारा स्विच) आकाशातली वीज अडवत नाही. आणि स्पीकरमधून येणारी वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीच कापू नका. ओल्या घरात ते जिवावर बेतू शकतं. आधी सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, मग डिशची केबल काढून बघा. तरीही घरघर राहिली तर वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. उन्हाळ्यात कातळावरची जमीन पार सुकते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं.