शिकून परदेशातच राहायचे आहे? देश निवडताना या चुका टाळा

पणजीत एखाद्या हॉटेलात परदेशी शिक्षणाचा मेळावा भरला की स्टॉलवर एक रंगीत तक्ता हातात ठेवतात. शिक्षणानंतर किती काळ काम करता येईल, याचा तो तक्ता. यूके २ वर्षे, कॅनडा ३ वर्षे, ऑस्ट्रेलिया २ ते ३, आयर्लंड २, जर्मनी १८ महिने. आईवडील त्यातला मोठा आकडा शोधतात आणि घरी पोचेपर्यंत देश ठरलेला असतो. मग घर नाहीतर प्लॉट तारण ठेवून कर्ज उचलले जाते. तक्त्यातले आकडे बहुतेक वेळा बरोबरच असतात. पण या मुदतीत केलेली नोकरी पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या हक्कासाठी, धरली जाते की नाही, हे तक्ता सांगत नाही. आणि नेमके तेच आधी बघायला हवे.

मुदत पाहता, पुढची वाट पाहत नाही

जर्मनीचे १८ महिने तक्त्यात सगळ्यात कमी दिसतात. ते फक्त नोकरी शोधण्यासाठी असतात आणि त्या काळात मिळेल ते काम करायची मुभा असते. शिक्षणाला साजेशी नोकरी लागली की परवाना बदलून घ्यायचा. जर्मन विद्यापीठाची पदवी असेल, तर अशा नोकरीची २ वर्षे, पेन्शन विम्याचे २४ हप्ते आणि बी-वन म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा एवढ्यावर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक पगाराच्या वरच्या पदवीधरांचा कामाचा परवाना, मिळाले तर बी-वन असणाऱ्यांना २१ महिने पुरतात. २०२६ साठी ब्लू कार्डची पगाराची अट वर्षाला ५०,७०० युरो आहे. पदवी घेऊन ३ वर्षे झालेली नसतील, तर ती ४५,९३४ युरोंच्या आसपास येते.

आता यूके बघा. तिथे शिक्षणानंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेली वर्षे पीआरसाठी लागणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाच्या ५ वर्षांत मोजलीच जात नाहीत. मोजणी सुरू होते ती कंपनीने स्पॉन्सर केले त्या दिवसापासून. त्यासाठी साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ३३,४०० पौंड. शिवाय ५ वर्षांची ही अट मुळात १० वर्षांची करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने मांडलेला आहे. तक्त्यातले २ मोठे दिसतात, पण वाट लांब जर्मनीपेक्षा यूकेचीच.

म्हणून सगळ्यांनी जर्मनीला जावे असे मी म्हणत नाही. तिथे मोठी चूक वेगळीच होते: कोर्स इंग्रजीत आहे म्हणून जर्मन शिकायचेच नाही. फी जवळजवळ नाही, एवढ्यावर भुलून मुले जातात आणि मुलाखतीच्या टेबलावर भाषेपाशी अडतात. जर्मन शिकायची मनापासून तयारी नसेल, तर जर्मनी निवडू नका. असेल, तर इथूनच निदान बी-वनच्या खालची ए-टू पातळी करून निघा.

कॅनडाचे तसे नाही. तिथल्या पीजीडब्ल्यूपी या शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर केलेली कुशल नोकरी एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर चालणाऱ्या पीआरच्या निवडीत धरली जाते. एका वर्षाच्या अनुभवावर तिच्यातल्या कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास या गटासाठी पात्र होता येते. मात्र शिकताना केलेले पार्टटाइम काम त्यात येत नाही. पात्र होणे आणि बोलावणे येणे यांतही अंतर आहे. नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत, त्यामुळे ‘ऑफर लेटर मिळवून देतो, पीआर पक्का’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे नमस्कार करा. आणखी एक: पीजीडब्ल्यूपी आयुष्यात एकदाच मिळतो. आधी लहानसा स्वस्त कोर्स करून तो वापरला, तर नंतरच्या मास्टर्सला हातात काही उरत नाही.

नियम कोणत्या तारखेचा, हे विचारत नाही

प्रवेश घेतला तेव्हाचा नियम शेवटपर्यंत लागू राहतो, असा समज घराघरांत आहे. यूकेमध्ये १ जानेवारी २०२७ पासून होणाऱ्या अर्जांना ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळेल. पीएचडीवाल्यांना ३ वर्षे कायम आहेत. तारीख बघितली जाते ती या व्हिसाच्या अर्जाची. म्हणजे सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला बसणाऱ्याला १८ महिनेच धरून हिशेब मांडायला हवा.

ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून शिक्षणानंतरच्या ४८५ व्हिसाला ३५ वर्षांची वयोमर्यादा आली. पीएचडी आणि संशोधनाच्या मास्टर्सला ती ५० आहे. आपल्याकडे जहाजावर किंवा गल्फमध्ये काही वर्षे काढून, पैसे साठवून मग शिकायला जाणारे पुष्कळ. कोर्स संपताना आपले वय काय असेल, हे त्यांनी सर्वात आधी बघावे.

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांनी हे नीट वाचा

गोव्यात या शाखेचे विद्यार्थी भरपूर, आणि फसगतही त्यांचीच जास्त होते. कॅनडात कॉलेजच्या डिप्लोमावर पीजीडब्ल्यूपी हवा असेल, तर विषय सरकारच्या यादीतला लागतो: शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कारागिरीचे व्यवसाय, वाहतूक, शिक्षण. १ नोव्हेंबर २०२४ नंतर स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना ही अट आहे. हॉटेल आणि पर्यटन व्यवस्थापनाचा डिप्लोमा या यादीत बसत नाही. तरीही जागा भरल्या जातात, कारण फी कॉलेजला मिळते आणि कमिशन एजंटला. बॅचलर्स आणि मास्टर्स पदवीला विषयाची अट नाही, तेव्हा जायचेच असेल तर पदवीला जा. खासगी संस्थेत चालणारा, पण सरकारी कॉलेजच्या नावाने दिला जाणारा कोर्स तर घेऊच नका. १५ मे २०२४ नंतर असा कोर्स सुरू केलेल्या विद्यार्थ्यांना पीजीडब्ल्यूपी मिळत नाही.

यूकेमध्ये ग्रॅज्युएट व्हिसावर हॉटेलात कुठलेही काम चालते. पण २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करसाठी काम पदवीधर दर्जाचे लागते आणि शेफचे काम त्यातून गेले. स्वयंपाकघरात दीड-दोन वर्षे मान मोडून काम केले, तरी तिथे राहायची वाट त्यातून निघत नाही. हे निघण्यापूर्वी मुलाला सांगणारे कोणीतरी हवे.

‘आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट होतो की’

हे वाक्य गोव्याबाहेर कोणी बोलत नाही; इथे मात्र जेवताना सहज निघते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना हा मार्ग आहे. त्यात चुकाही तितक्याच होतात.

पहिली चूक यूकेची. युरोपीय नागरिकांचा तिथे मुक्तपणे राहण्याचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. यूकेतल्या स्विंडनला काका-मामा आहेत, त्यांना सेटल्ड स्टेटस म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी आहे, याचा भाच्या-पुतण्याला उपयोग नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेत शिकायला जाणाऱ्याला स्टुडंट व्हिसा, ग्रॅज्युएट व्हिसा, स्पॉन्सर हे सगळे इतरांसारखेच करावे लागते.

खरा फायदा आहे तो युरोपीय संघात. जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड इथे या पासपोर्टवर ना स्टुडंट व्हिसा लागतो, ना शिक्षणानंतरच्या मुदतीची चिंता. ५ वर्षे सलग कायदेशीर राहिल्यावर कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळतो. नेदरलँड्समध्ये फीसुद्धा युरोपीय दराने पडते. आयर्लंडमध्ये मात्र नुसता पासपोर्ट पुरत नाही. सवलतीच्या फीसाठी आधीच्या ५ वर्षांतली ३ वर्षे युरोपात राहिलेले असावे लागते.

दुसरी चूक वेळेची. आधी आजोबांची नोंद, मग वडिलांची, मग तुमची. एक दाखला अडला की मागचे सगळे थांबते. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत नाईक हे आडनाव शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावून लिहिलेले, शाळेच्या दाखल्यावर ‘के’, आधारवर वडिलांचे नाव मध्ये, आणि पासपोर्टवर तेही गाळलेले. एकाच माणसाची ही चार नावे आहेत, हे सिद्ध करण्यात बराच काळ जातो. म्हणून पुढच्या सप्टेंबरचा प्रवेश या पासपोर्टच्या भरवशावर ठेवू नका. भारतीय पासपोर्टवर जे जमते त्यावर बेत आखा.

तिसरी गोष्ट मला सर्वात गंभीर वाटते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणे हा गुन्हा आहे. तो परत करावाच लागतो. मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना दिले जाणारे ओसीआय कार्ड मिळू शकते, पण त्यावर मत देता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २२ वर्षांच्या मुलाला घाईघाईत हा निर्णय घ्यायला लावू नका. घरात बसून, सगळ्यांनी मिळून ठरवा.

जोडीदाराला नेण्याचा हिशेब

यूकेत जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या नसलेल्या मास्टर्सला जोडीदार नेता येत नाही. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून १६ महिने किंवा त्याहून लांब मास्टर्स, पीएचडी आणि ठरावीक व्यावसायिक पदव्या यांनाच जोडीदाराचा ओपन वर्क परमिट मिळतो. त्यात आपली इथली भर अशी की सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली म्हणजे लग्न झाले, असे धरून फॉर्म भरले जातात. दुसरी सही झाल्याशिवाय लग्नाचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय जोडीदार म्हणून अर्ज टिकत नाही. हॉल आणि भटजी ठरवण्याआधी दोन्ही सह्यांच्या तारखा बघून ठेवा.

तिथे पोचल्यावर अडकलात तर

यूकेत मास्टर्सचा प्रबंध ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यायचा असतो, आणि आपली चतुर्थी नेमकी तेव्हाच येते. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज यूकेत असतानाच, स्टुडंट व्हिसा संपण्यापूर्वी आणि कोर्स पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने होम ऑफिसला कळवल्यावर करायचा असतो. अर्ज करून व्हिसाचा निर्णय येण्याआधी गोव्याला आलात, तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. कोर्सचा निकाल लांबत असेल, तर विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला वेळेत लेखी कळवा. त्या वर्षी गणपतीला व्हिडिओ कॉलवरून नमस्कार करा.

कॅनडात कोर्स संपल्यापासून १८० दिवसांत पीजीडब्ल्यूपीचा अर्ज लागतो, आणि पदवीधरांना तिथल्या सीएलबी या भाषेच्या मोजपट्टीवर ७ ही पातळी दाखवावी लागते. परीक्षा शेवटच्या सेमिस्टरमध्येच देऊन टाका. मधल्या एखाद्या सेमिस्टरला विषय कमी करून पार्टटाइम झालात, तर हक्क जाऊ शकतो. पैशाची ओढाताण असेल तर विषय सोडण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला भेटा. ऑस्ट्रेलियात मुदत ६ महिन्यांची आहे. तिथल्या फेडरल पोलिसांच्या दाखल्यासाठी व्हिसाच्या अर्जाआधीच अर्ज केलेला हवा, आणि इंग्रजीची परीक्षा वर्षभराच्या आतली.

अमेरिकेत ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयातले काम करायच्या परवानगीचा, अर्ज कोर्स संपण्याआधी ९० दिवसांपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. ओपीटीत एकूण ९० दिवसच बेकार राहता येते. स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात. सीपीटी म्हणजे शिकत असतानाच विषयातले काम; ते पूर्णवेळ १२ महिने केले की त्या पातळीची ओपीटी गेली. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला ८५,००० जागा आणि त्यांची सोडत, त्यापुढे भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची लांबच लांब रांग. अमेरिकेला शिक्षणासाठी आणि काही वर्षांच्या कामासाठी जरूर जा, पण पीआर हाच हेतू असेल तर ती निवड मला पटत नाही.

डिपॉझिट भरण्यापूर्वी एजंटकडून तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: या कोर्सवर शिक्षणानंतरचा व्हिसा मिळतो का, त्या व्हिसावरचे काम पीआरसाठी मोजले जाते का, आणि हा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नेमका कोणत्या पानावर आहे. ते पान स्वतः उघडून वाचा. एजंट लिहून द्यायला टाळाटाळ करू लागला, तर डिपॉझिट भरू नका.